ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी वाढवायची की आवरायची?

मागच्या अंकात बोनमॅरो ट्रान्सप्लांटवर थोडं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. नावं गाळलीत, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि रिपोर्ट न बघता कुणाला औषधाचा डोस मी सांगत नाही, हे नेहमीचंच.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो. माझ्या मुलाला, वय 19, एएमएल ब्लड कॅन्सर आहे. केमोने रेमिशनमध्ये आलाय, म्हणजे तपासणीत कॅन्सर दिसत नाहीये, पुढच्या महिन्यात ट्रान्सप्लांट ठरलंय. मोठ्या मुलीचं पूर्ण मॅच आलंय. काउन्सेलिंगला जीव्हीएचडीबद्दल, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटवरच उलटतात त्या त्रासाबद्दल, सांगितलं ते ऐकून माझी झोप उडालीये. भाचा म्हणतो 2025 चं नोबेल ज्या टी-रेग (इम्युनिटीला आवर घालणाऱ्या) पेशींना मिळालं त्या दिल्या की हा त्रास होत नाही, अमेरिकेत देतात. पुण्यात होतं का? लागलं तर फ्लॅट विकू.

ताई, फ्लॅटला हात लावू नका, आधी हे नीट वाचा.

ट्रान्सप्लांटच्या आधी मुलाला जोरदार केमो देऊन त्याचा बोनमॅरो रिकामा करतात आणि मग बहिणीच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, चढवतात. पिशवी बघाल तर म्हणाल एवढंसंच का, साध्या रक्ताच्या पिशवीसारखी दिसते आणि सलाईनसारखी सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, आत जाते. पण त्या पिशवीत नुसत्या स्टेम सेल नसतात, बहिणीच्या तयार टी-सेल पण असतात, तिच्या शरीरात राखण करणाऱ्या. त्या मुलाच्या अंगात पोचल्या की त्यांना सगळंच परकं दिसतं, त्वचा, आतडी, लिव्हर, आणि त्या त्यावर तुटून पडतात, हाच जीव्हीएचडी. अंगभर पुरळ, दिवसाला आठ-दहा जुलाब, कावीळ, ही सुरुवातीच्या महिन्यांतली लक्षणं. पूर्ण मॅच असला तरी होऊ शकतं कारण मॅच बघतात ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, त्यापलीकडचे बारीकसारीक फरक सख्ख्या भावंडांतही राहतात. तुमच्या बाबतीत तर डोनर मुलगी आणि पेशंट मुलगा, म्हणजे मुलाच्या वाय क्रोमोसोममुळे बनणारी काही प्रोटीन बहिणीच्या पेशींनी कधी बघितलेलीच नसतात, त्यामुळे नंतरच्या, रेंगाळणाऱ्या जीव्हीएचडीची शक्यता थोडी जास्त धरतात. हे घाबरवायला सांगत नाहीये. पूर्ण मॅच असलेलं भावंड हा आजही फार चांगला डोनर आहे, सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, आणि तुमचं जुळलंय.

मग टी-सेल गाळूनच का टाकत नाहीत, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. गाळता येतात. पण मग नवीन बोनमॅरो रुजायला त्रास होतो, इन्फेक्शनं वाढतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कॅन्सर परत येण्याची भीती वाढते, कारण केमोतून वाचलेल्या चार-दोन कॅन्सरच्या पेशी शोधून मारायचं काम याच टी-सेल करतात. म्हणजे ज्यांचा त्रास होतो त्याच हव्या पण आहेत.

इथे टी-रेग येतात. लक्ष्मी रोडवर विसर्जनाची मिरवणूक ज्यांनी बघितलीये त्यांना हे पटकन कळेल. पथक जीव तोडून वाजवत असतं आणि चारी बाजूंनी पथकाचीच पोरं-पोरी दोर धरून चालतात. ती वादन बंद पाडत नाहीत, पण त्यांच्यामुळे कुणाचं टिपरू बघणाऱ्याच्या डोक्यात बसत नाही आणि चेंगराचेंगरी होत नाही. टी-रेग म्हणजे ही दोरवाली मंडळी. आपल्या सगळ्यांच्या रक्तात त्या असतात, मदतनीस टी-सेलपैकी साधारण 5 ते 10 टक्के, म्हणजे पथकाच्या मानाने मूठभरच.

जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये या पेशी ओळखून दाखवल्या, त्या काळात ‘दाबून धरणाऱ्या पेशी’ वगैरे असं काही नसतंच असं बऱ्याच जणांचं मत झालं होतं, तरी त्यांनी विषय सोडला नाही. 2001 मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका जन्मतः आजारी उंदरांच्या जातीत बिघडलेलं जीन शोधलं, त्याचं नाव फॉक्सपी3. हेच जीन बिघडलेली मुलं जन्मतात तेव्हा त्यांची इम्युनिटी त्यांच्याच आतड्यांवर, त्वचेवर, शुगर सांभाळणाऱ्या ग्रंथींवर उठते, त्या आजाराला आयपेक्स म्हणतात. दोन वर्षांनी साकागुचींनी दाखवलं की टी-रेगची सूत्रं याच जीनच्या हातात असतात. तिघांना मिळून 2025 चं नोबेल मिळालं, तुमचा भाचा बरोबर बोलतोय.

उंदरांवर 2002-03 च्या सुमाराला दिसलं की ट्रान्सप्लांटबरोबर जास्तीच्या टी-रेग दिल्या तर जीव्हीएचडी कमी होतो आणि कॅन्सर मारायचं काम मात्र चालू राहतं. माणसांत 2011 मध्ये इटलीतल्या पेरुजियाच्या टीमने हाफ मॅच (डोनर अर्धाच जुळणारा) ट्रान्सप्लांटच्या 28 पेशंटमध्ये आधी टी-रेग दिल्या आणि चार दिवसांनी स्टेम सेल आणि बाकीच्या टी-सेल दिल्या, आणि नंतर इम्युनिटी दाबायची औषधं दिलीच नाहीत, तरी जीव्हीएचडी फक्त दोघांना उठून दिसला. त्यानंतर अमेरिकेत ओर्का-टी नावाने ही कल्पना नीट बांधली गेली. पहिल्या दिवशी स्टेम सेल आणि वेगळ्या काढलेल्या टी-रेग, आणि दोन दिवसांनी बाकीच्या टी-सेल. म्हणजे दोर आधी धरून घ्यायचा, मग ढोल सोडायचे. त्यांच्या 187 पेशंटच्या ट्रायलचे आकडे 2025 मध्ये आले, वर्षभरानंतर मध्यम किंवा गंभीर क्रॉनिक (रेंगाळणाऱ्या) जीव्हीएचडीशिवाय जिवंत असलेले ओर्का-टीमध्ये 78 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत 38 टक्के. मी इतकी वर्षं या वॉर्डात काढलीत, हे आकडे वाचून मला खरंच आनंद झाला. फक्त एक लक्षात घ्या, ‘नेहमीची पद्धत’ म्हणजे त्यात टॅक्रोलिमस आणि मेथोट्रेक्सेट ही इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांची जुनी जोडी होती. हे महत्त्वाचं का ते पुढे सांगते.

पुण्यात होतं का? रोजच्या उपचारात नाही होत. डोनरच्या रक्तातून या मूठभर पेशी वेगळ्या काढायला खास मशीन, अतिशय स्वच्छ लॅब आणि अनुभवी माणसं लागतात, पेशी ताज्याच वापरलेल्या बऱ्या कारण फ्रीज केल्या की त्या अशक्त होतात, आणि सगळं ट्रान्सप्लांटच्या वेळेवर बसवावं लागतं. उद्या कुणी तुम्हाला फोन करून ‘आमच्याकडे टी-रेगचं पॅकेज आहे’ म्हणालं तर पैसे देऊ नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या नियमांत स्पष्ट आहे, रक्ताच्या आजारांसाठीचं हे ट्रान्सप्लांट सोडून बाकी स्टेम सेलचे उपचार ट्रायलमध्येच करायचे. ट्रायल खरी असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर असतो, तो मागा, आणि प्रयोगात असलेल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. बिल हातात आलं की समजा काहीतरी गडबड आहे.

आता मघाशी म्हटलं ते. आपल्याकडे हाफ मॅच ट्रान्सप्लांटमध्ये सर्रास एक पद्धत वापरतात, स्टेम सेल दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सची ही पद्धत, औषध जुनं आणि मानाने स्वस्त. मुलाच्या शरीराला परकं समजून भराभर वाढायला लागलेल्या टी-सेल याने मरतात किंवा नरमतात, पण टी-रेगमध्ये हे औषध निकामी करणारं एक एन्झाइम तेव्हा जास्त बनतं त्यामुळे त्या तगतात. म्हणजे दोरवाले शिल्लक राहतात! लॅबमध्ये वेगळ्या न काढता, आहेत त्या पेशंटच्या आतच वाचवून. 2023 मध्ये 431 पेशंटची एक ट्रायल आली, त्यात बरेचसे अनोळखी पण जुळणारे डोनर होते, आणि या पद्धतीत वर्षभर त्रासदायक जीव्हीएचडी नाही आणि कॅन्सरही परत नाही असे जवळजवळ 53 टक्के निघाले, जुन्या जोडीत 35. त्यात केमो सौम्य होती, त्यामुळे हे आकडे ओर्का-टीच्या शेजारी ठेवून कोण भारी ते ठरवायचं नसतं. पण मला म्हणायचंय ते इतकंच की तुमच्या मुलाला टी-रेगचा फायदा मिळायचा तर परदेशच गाठायला हवा असं नाही.

तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, जीव्हीएचडी टाळायला तुमचा प्लॅन काय, सायक्लोफॉस्फमाइड देणार का, नसेल देणार तर का नाही. सख्ख्या भावंडाच्या पूर्ण मॅचमध्ये ते दोन्ही प्रकारे ठरवू शकतात, केमो किती जोरदार आहे, हार्टची टू-डी इको कशी आहे, सगळं बघून. राग येणार नाही त्यांना, हे विचारायलाच हवं. आणि पैशाचं म्हणाल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान निधी, आणि धर्मादाय हॉस्पिटल असेल तर तिथल्या सोशल वर्करला आजच भेटा, धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के बेड गरिबांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवायचे असतात. अर्ज ट्रान्सप्लांटच्या आधी गेलेला बरा.

प्रश्न : चिंचवडहून लिहितेय. मिस्टरांचं (वय 48) ट्रान्सप्लांट होऊन दहा महिने झाले, दिरांनी स्टेम सेल दिल्या. कॅन्सर नाहीये पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, तोंड कोरडं, आमटीसुद्धा झोंबते, कोपराजवळची कातडी ताठ झालीये. डॉक्टर क्रॉनिक जीव्हीएचडी म्हणतात. गोळ्यांनी इम्युनिटी कमी होते म्हणून सासूबाई रोज गुळवेलीचा काढा आणि च्यवनप्राश देतात, आणि मिस्टरांनी पायाला सूज येते म्हणून मनानेच एक गोळी अर्धी केलीये. काय करू?

वहिनी, आज काढा थांबवा आणि उद्या डॉक्टरांना फोन करून अर्ध्या गोळीचं सांगा, मिस्टरांना राग आला तरी. सासूबाईंची माया मला कळते, मुलगा समोर वाळत चाललेला बघवत नाही, आणि कोविडपासून ‘इम्युनिटी वाढवा’ हे इतकं कानावर पडलंय की दुसरं काही सुचतच नाही. पण त्यांना असं सांगा की आई, याची इम्युनिटी कमी पडली म्हणून डोळे कोरडे झाले नाहीत, याच्या अंगातल्या भावाच्या पेशी आवरत नाहीत म्हणून झालेत. जंतूंशी लढायला तो कमजोर आहे हेही खरं, दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि म्हणूनच अवघड आहे. अशा वेळी पेशींना आणखी चेव आणणारं काही देऊन कसं चालेल? शिवाय गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि यांचं लिव्हर आधीच जीव्हीएचडीच्या तावडीत येऊ शकतं, मग रिपोर्टमध्ये लिव्हरचे एन्झाइम वाढले की ते काढ्याने, औषधाने की जीव्हीएचडीने हे शोधत बसायची वेळ येते.

गोळीचं. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असेल तर त्याची रक्तातली लेव्हल जेमतेम पट्ट्यात ठेवायची असते, वर गेली तर किडनीला त्रास, खाली गेली तर जीव्हीएचडी उसळतो. लेव्हल तपासायचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, हे कितीदा सांगितलं तरी ओपीडीत दर आठवड्याला कुणीतरी नाश्ता-गोळी उरकून येतं आणि आकडा भलताच वर दिसतो आणि मग डोस उगाच कमी होतो. डबीत त्या सकाळची गोळी टाका, सोबत न्या, रक्त दिलं की तिथेच घ्या. पायाची सूज आणि शुगर स्टिरॉइडमुळे असेल तर ते हळूहळू कमी करता येतं, स्टिरॉइडच्या जोडीला रुक्सोलिटिनिबसारखी औषधं आता आपल्याकडे मिळतात. फोटोफेरेसिस म्हणून एक प्रकार आहे, रक्त मशीनमधून बाहेर काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींवर औषध आणि अल्ट्राव्हायोलेट किरण सोडून परत देतात, त्याने टी-रेग वाढतात असं दिसलंय. आणि 2011 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी इंटरल्यूकिन-2 चं अगदी लहान डोसचं इंजेक्शन रोज, आठ आठवडे, अशाच 29 पेशंटना दिलं होतं, टी-रेगची संख्या चांगलीच वाढली, आणि ज्यांचं मोजमाप करता आलं अशा 23 पैकी 12 जणांना बराच आराम पडला, काहींची ताठलेली कातडी सैल झाली. मला ते फार मोलाचं वाटतं कारण बाहेरून पेशी न आणता आतल्याच पोसल्या. पण ते अजून सगळीकडे वापरायचं औषध झालेलं नाही.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. प्रिझर्वेटिव्ह नसलेले डोळ्यांचे थेंब, दिवसातून कितीही वेळा. भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, मऊ भात-मूगडाळ, तिखट-आंबट काही महिने बाजूला, टूथपेस्ट पुदिन्याची नको. उन्हाने कातडीचा जीव्हीएचडी भडकतो म्हणून फुल शर्ट, टोपी, सनस्क्रीन, गच्चीत वाळवण घालायला सुद्धा दुपारी पाठवू नका. कोपराचे व्यायाम फिजिओकडून शिकून रोज. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगते, जिना चढताना धाप लागायला लागली किंवा कोरडा खोकला टिकला तर वाट बघू नका, फुप्फुसाचा जीव्हीएचडी गुपचूप येतो आणि गेलेलं फुप्फुस परत मिळत नाही, म्हणून पीएफटी (फुप्फुसाची ताकद मोजायची फुंकायची तपासणी) ठरल्या वेळी कराच.

प्रश्न : मी 23 वर्षांची आहे, कोथरूडला राहते. दादाला मी स्टेम सेल दिल्या. आता त्याला आतड्यांचा जीव्हीएचडी झालाय, आयसीयूत होता, वजन 14 किलो उतरलंय. घरी कुणी बोलत नाही पण माझ्याच पेशींनी त्याचे हाल केले हे डोक्यातून जात नाही. मी कमी पेशी दिल्या असत्या तर? परत द्यायची वेळ आली तर देऊ का?

अगं, तुझं वय वाचलं म्हणून अगं-तुगं करतेय, रागावू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

तू पाच दिवस पोटात इंजेक्शनं घेतलीस, हाडं ठणकली असतील, मग चार-पाच तास दोन्ही हात सरळ ठेवून मशीनला पडून राहिलीस, ओठांना मुंग्या आल्या म्हणून कॅल्शियम चघळलं असशील, मधे नाक खाजलं तरी दुसऱ्याला सांगावं लागलं असेल. हे मला माहितीये कारण त्या खुर्चीशेजारी मी कितीतरी बहिणींची नाकं खाजवलीत. पिशवीत किती पेशी जायच्या ते तू ठरवत नाहीस, दादाच्या वजनावर डॉक्टर ठरवतात. कमी दिल्या असत्या तर रुजल्याच नसत्या, आणि ती वेळ यापेक्षा वाईट.

आणि तुझ्या पेशींना चांगलं-वाईट काही कळत नाही गं. त्या तुझ्या अंगात 23 वर्षं जे करत आल्या तेच त्यांनी तिथे केलं. तुझ्या टी-रेग पण त्याच पिशवीतून गेल्यात, फक्त संख्येने थोड्या पडल्या, आणि स्टिरॉइड आणि बाकीची औषधं आता त्यांना सावरायला वेळ मिळवून देतायत. ज्या पेशंटना थोडाफार जीव्हीएचडी होतो त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे कित्येक वर्षांपासून माहितीये, म्हणजे ज्या पेशींनी त्याला झोपवलं त्याच आत कॅन्सरचाही पाठलाग करतायत. हे सांगून त्याचे हाल कमी होत नाहीत, मला कळतंय. पण तुझ्याशिवाय त्याच्याकडे हाल व्हायला सुद्धा वेळ नव्हता.

परत देण्याचं, काही वेळा नंतर डोनरच्या नुसत्या लिम्फोसाइट (टी-सेल ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) देतात, कॅन्सर डोकं वर काढायला लागला तर. जीव्हीएचडी चालू असताना ते करत नाहीत. वेळ आली आणि तुला द्यावंसं वाटलं तर दे, नाही वाटलं तर नाही म्हणायचा हक्क तुला आहे, तो आई-बाबांनीही मान्य करायला हवा. आणि या आठवड्यात ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडे दहा मिनिटं एकटी जाऊन बस, जे मला लिहिलंस ते त्यांना सांग. आम्ही डॉक्टर लोक पेशंटकडे बघण्याच्या नादात डोनरला विसरतो, हे चुकतं आमचं.

प्रश्न : पुण्यात सिंहगड रोडजवळच्या नांदेड गावात राहतो, 2025 च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएस (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) पसरला होता. बायको ट्रान्सप्लांट होऊन घरी येतेय. फिल्टरचं पाणी चालेल?

फिल्टर असला तरी उकळूनच. खळखळून उकळी येऊ द्या, झाकून थंड करा, ओगराळ्याने काढा, हात बुडवून नाही. टँकरचं आणि विहिरीचं पाणी दात घासायला पण नको. त्या वेळी सिंहगड रोडला कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला होता, त्याच्याशी लढताना काहींची इम्युनिटी चुकून स्वतःच्या नसांवर गेली, म्हणजे तिथेही मूळ भानगड हीच. अर्धवट शिजलेलं चिकन, पनीर, बाहेरची चटणी, कच्चं सॅलड काही महिने बंद.

प्रश्न : मामा, काका, चुलतभाऊ सगळे रक्त द्यायला तयार आहेत. ट्रान्सप्लांटच्या आधी घरच्यांचंच रक्त चढवलेलं बरं ना?

नाही, उलट घरच्यांचं नकोच. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या टी-सेल पेशंटच्या शरीराला परक्या म्हणून लवकर ओळखू येत नाहीत, त्यामुळे त्या मारल्या जात नाहीत, तिथेच ठाण मांडतात आणि त्यातून होणारा जीव्हीएचडी जवळजवळ नेहमी जीव घेतो. म्हणून अशा पेशंटला रक्त आणि प्लेटलेट रेडिएशन देऊनच चढवतात, पिशवीवर ‘इररेडिएटेड’चं लेबल असतं, ते नातेवाइकांनीही बघावं. शिवाय डोनर घरातलाच असेल तर आधी चढवलेल्या घरच्या रक्तामुळे पेशंटचं शरीर त्याच्या स्टेम सेल नाकारू शकतं. मामा-काकांना त्याच ब्लड बँकेत बदली रक्त द्यायला पाठवा, ते दुसऱ्या पेशंटला जाईल. प्लेटलेट मात्र पाच दिवसच टिकतात, तेव्हा ऑफिसातल्या मित्रांची यादी करून ठेवा आणि ब्लड बँकेला आधी फोन करून एकेकाला वेगवेगळ्या दिवशी बोलवा, सगळे एकदम नकोत.